कान आणि बिनतारी हेडफोन

‘बिनतारी’ हा शब्द मराठींत रूढ झाला तेव्हां त्याचा अर्थ फार मोठा होता. तारेवांचून दूरच्या गांवचा शब्द घरांत ऐकूं येतो, हीच गोष्ट नवलाची होती. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. त्या केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती आणि त्याचा आवाज खात्रीनें पोंचे तो सुमारें तीस मैलांच्या टापूंत. या टापूंतील साधारण ऐपतीच्या मनुष्यास ऐकण्याचें स्वस्त साधन म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, बॅटरीही लागत नसे; येणाऱ्या लहरींत जी शक्ति असे तेवढ्यावरच तो चाले. त्यामुळें त्याचा आवाज अत्यंत क्षीण असे. तो ऐकावयाचा तर हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवून, घरांतील मंडळींना गप्प करून, स्वस्थ बसावें लागे. लहरी बिनतारी होत्या. ऐकणारा मात्र तारेनें पेटीला बांधलेला होता.

आज ती उरलेली तारही गेली आहे. अहिल्यानगर शहरास लागून असलेल्या भिंगारमध्यें सकाळीं फिरावयास निघालेल्या मंडळींकडे पाहावें, तर कित्येकांच्या कानांत शेंगदाण्याएवढे इअरबड दिसतात. महाविद्यालयांतील मुलें अभ्यासाचीं व्याख्यानें त्यांवर ऐकतात, गृहिणी स्वयंपाक करतांना गाणीं ऐकतात, आणि घरांतील वृद्ध रात्रीं इतरांची झोंप न मोडतां कीर्तन ऐकतात. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. परंतु क्रिस्टल सेटच्या श्रोत्यापाशीं एक गुण होता, तो या सोयीबरोबर हरवत चालला आहे. त्याला आवाज वाढवितां येत नसे. म्हणून ऐकूं येईनासें झालें कीं तो हेडफोन सारखा करी, गादी कानावर नीट टेकवी. आजच्या श्रोत्याचा हात प्रथम जातो तो आवाज वाढविण्याकडे. हेडफोन दुखतो, ढिला बसतो, खर्ज ऐकूं येत नाहीं, बाहेरचा गोंगाट आंत शिरतो. या सर्व तक्रारींवर तो एकच उपाय करतो, आणि तोच उपाय कानाला घातक आहे.

हेडफोन कानावर नीट बसला पाहिजे, याचें कारण शास्त्रीय आहे. हेडफोनमधील पडदा लहान असतो. खोलींतील मोठ्या कर्ण्याप्रमाणें तो पुष्कळ हवा हालवूं शकत नाहीं. त्याचें सगळें काम पडदा आणि कानाचा पडदा यांमधील चिमूटभर हवेवर चालतें. ती हवा बंदिस्त असेल तर खर्जाचे स्वर भरदार उमटतात. फट राहिली तर खर्जाचा दाब त्या फटींतून निसटून जातो आणि मागें उरतो तो कर्कश, पत्र्यासारखा आवाज. सायकलच्या पंपाचा वायसर झिजला म्हणजे कितीही जोर लावला तरी हवा भरत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. त्या वेळीं शहाणा मनुष्य वायसर बदलतो; दांडा अधिक जोरानें हाणीत बसत नाहीं.

याची परीक्षा घरच्या घरीं घेतां येते. ओळखीचें एखादें गाणें बेताच्या आवाजांत लावावें आणि हेडफोन दोन्ही तळव्यांनीं कानांवर अगदीं हलके दाबावे. तबल्याचा डग्गा एकदम भरून ऐकूं येऊं लागला, तर हेडफोन ढिला बसला होता असें समजावें. फारसा फरक पडला नाहीं, तर बसवणी योग्य आहे.

ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १८९१ सालीं अर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच अभियंत्यानें कानांत बसणाऱ्या टेलिफोनचें पेटंट घेतलें. त्यांत त्यानें रबरी आवरणाची योजना केली होती. त्या आवरणानें कानाला घर्षण होऊं नये आणि बाहेरचा आवाजही बंद व्हावा, असा दुहेरी हेतु होता. आजच्या इअरबडवरील सिलिकोनची टोपी हें त्याच रबराचें सुधारलेलें रूप आहे.

भिंगारच्या लोकांना तर याचें उदाहरण शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. येथील लष्करी छावणी जुनी आहे, आणि आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेनें १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय जवळच आहे. रणगाड्याच्या पोटांत इंजिनाचा आणि लोखंडी पट्ट्यांचा इतका खडखडाट असतो, कीं हाताच्या अंतरावर बसलेल्या सोबत्याचें बोलणें कानीं पडत नाहीं. म्हणून तेथील जवान कानांवर घट्ट बसणारे हेडफोन घालतात. ते हुकूम कानापर्यंत आणतात आणि त्याच वेळीं बाहेरचा खडखडाट अडवितात. ज्या गोंगाटांत शब्द ओरडून ऐकवितां येत नाहीं, तेथें नीट बसलेल्या गादीमुळें तो ऐकूं येतो.

आतां प्रत्यक्ष रीतीकडे वळावें. कानांभोंवती बसणारा मोठा हेडफोन असेल, तर प्रथम त्यावरील डावी-उजवी खूण पाहावी. बहुतेक गाण्यांत वाद्यें डावीकडे व उजवीकडे वाटून दिलेलीं असतात. खूण चुकली तर ती रचना उलटी होते. डोक्यावरील पट्टीच्या दोन्ही बाजू आधीं पूर्ण आंत सरकवाव्या, हेडफोन घालावा, आणि मग दोन्ही बाजू सारख्या प्रमाणांत खालीं ओढीत न्याव्या. कान गादीच्या पोकळींत पुरा मावला पाहिजे. कानाची पाळी दुमडून गादीखालीं राहूं नये. पट्टीचा भार टाळूवर आणि गादीचा दाब कानाभोंवती सर्वत्र सारखा असावा. केंस, स्कार्फ किंवा कानटोपी गादीखालीं येऊं देऊं नये. नवा हेडफोन फार आवळत असेल, तर पट्टी जोरानें ताणूं नये, ती मोडते. रात्रभर त्याच्याच खोक्यावर किंवा डोक्याएवढ्या पुस्तकांच्या चळतीवर चढवून ठेवल्यास ती हळूहळू सैल होते.

चष्मा असणाऱ्यांस याहून अधिक काळजी घ्यावी लागते. पुष्कळ घरांत असा प्रसंग घडत असेल. आजोबा रात्रीं नाट्यगीतें ऐकत बसले आहेत. अर्ध्या तासांत कानामागें दुखूं लागतें, आवाजही पातळ वाटतो. ते आवाज वाढवूं लागतात. इतक्यांत नात जवळ येते.

“आजोबा, आवाज वाढवूं नका. आधीं हा नीट बसवूं या.”

“अग, बसला आहे कीं!”

“चष्म्याची काडी गादीखालीं सांपडली आहे, पाहा. ती थोडी वर उचला.”

काडी किंचित् वर घेतली जाते, गादी खालीं टेकते, आणि तोंपर्यंत लुप्त असलेला तंबोरा ऐकूं येऊं लागतो. काडी आणि गादी यांमध्यें जी फट होती तिनें खर्ज नेला होता, आणि तीच काडी कानामागच्या हाडावर रुतत होती. एकाच कारणाचे ते दोन परिणाम होते. जाड काड्यांच्या चष्म्यापेक्षां बारीक काड्यांचा चष्मा अशा वेळीं बरा. गादी मऊ असावी. तिचें कातडें फाटलें किंवा आंतील स्पंज दबून गेला, तर ती बदलावी.

कानांत बसणाऱ्या इअरबडची गोष्ट निराळी आहे. त्याबरोबर बहुधा लहान, मध्यम व मोठी अशा तीन मापांच्या टोप्या मिळतात. कित्येक लोक खोक्यांतून निघालेली मधली टोपीच जन्मभर वापरतात. तिन्ही लावून पाहाव्या. दोन्ही कानांचीं भोकें नेहमीं सारखीं असतातच असें नाहीं. एका कानाला मध्यम व दुसऱ्याला लहान टोपी लागली, तरी त्यांत वावगें कांहीं नाहीं. प्रौढ मनुष्याच्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित् वांकडी असते. म्हणून दुसऱ्या हातानें कान वर व मागें हलका ओढावा, त्यायोगें नळी सरळ होते. इअरबड आंत ठेवून थोडा फिरवावा, आणि मग कान सोडावा. टोपी नळीच्या तोंडाशीं बसावी. खोल खुपसूं नये. दुखूं लागलें तर माप मोठें आहे, आणि चालतांना गळूं लागला तर लहान आहे.

यंत्र बिनतारी असल्यामुळें आणखी एक व्यवधान ठेवावें लागतें. हे हेडफोन फोनशीं ब्ल्यूटूथच्या द्वारें जोडलेले असतात आणि त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात. मानवी शरीरांत पाण्याचा अंश फार, आणि अशा लहरी पाण्यांत शोषल्या जातात. फोन पाठीमागच्या खिशांत असला तर शरीरच मध्यें भिंतीसारखें उभें राहतें. घरांत लहरी भिंतींवरून उलटून कानापर्यंत पोंचतात. मोकळ्या मैदानावर तशा भिंती नसतात, म्हणून घरांत चांगला चालणारा हेडफोन मैदानावर तुटक ऐकूं येतो. फोन वरच्या किंवा पुढच्या खिशांत ठेवावा. तरीही तुटल्यास बाजू बदलून पाहावी. त्याचप्रमाणें फोनवर बोलणें सुरू होतांच गाण्याचा गोडवा नाहींसा होतो, तेव्हां यंत्र बिघडलें असें समजूं नये. बोलणें पाठविणें व ऐकणें हीं दोन्ही कामें एकदम करावयाचीं म्हणून पुष्कळ हेडफोन त्या वेळीं हलक्या दर्जाचा आवाज वापरतात. बोलणें संपलें कीं तो पूर्ववत् होतो.

कांहीं हेडफोनांत बाहेरचा गोंगाट पुसून टाकण्याची सोय असते. बाहेरून येणाऱ्या ध्वनीच्या नेमकी उलट लहर निर्माण करून दोहोंचा नाश करावयाचा, असें तिचें तत्त्व आहे. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञास या कल्पनेचें अमेरिकन पेटंट १९३६ सालींच मिळालें होतें. पंख्याची घरघर, एस. टी. च्या इंजिनाची गुरगुर अशा एकसारख्या, खालच्या ध्वनींवर ही युक्ति उत्तम चालते. भांडें पडल्याचा आवाज किंवा शेजारचें बोलणें यांवर ती तितकी चालत नाहीं. टोपी किंवा गादी सैल असेल, तर तिचाही बराचसा उपयोग वायां जातो.

या सर्व खटाटोपाचें खरें फळ गाण्याच्या गोडीपेक्षां मोठें आहे. कानाच्या आंतील शंखाकृति भागांत सुमारें सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत त्याच करतात. अति मोठ्या आवाजानें त्या मरतात, आणि मनुष्याच्या शरीरांत त्या पुन्हा उगवत नाहींत. दांत पडला तर कवळी बसवितां येते. ही हानि तशी भरून निघत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं घातलेली मर्यादा अशी आहे : ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास. मुलांसाठीं ती ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलनें वाढला कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावयाचा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. हीं तीन-तीन डेसिबलचीं पावलें कानाला फारशीं जाणवत नाहींत, हेंच त्यांतील संकट आहे.

यास एक सूक्ष्म कारण आणखी जोडलें जातें. १९३३ सालीं फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, आवाज मंद असतां मनुष्याच्या कानाला खर्ज मूळचाच कमी ऐकूं येतो. अशा वेळीं हेडफोन ढिलाही असेल, तर उरलासुरला खर्जही जातो, आणि श्रोता गाण्यांत जीव नाहीं म्हणून आवाज चढवितो. नीट बसलेल्या हेडफोनांत तोच खर्ज मंद आवाजांतही मिळतो. बहुतेक फोनांमध्यें आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असते. मुलांच्या फोनांत ती आईवडिलांनीं अवश्य बांधावी.

शेवटीं स्वच्छता व सावधगिरी यांविषयीं थोडें. उन्हाळ्यांत गादीखालीं घाम सांचतो, आणि धूळ जाळींत अडकते. वापर झाल्यावर गादी व टोपी कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी. टोपी काढून साबणाच्या पाण्यांत धुवावी व पूर्ण वाळवून लावावी. जाळी मऊ ब्रशानें झाडावी. तींत टांचणी घालूं नये. एकाचा इअरबड दुसऱ्यानें वापरूं नये. कान दुखत किंवा वाहत असेल, तर तो बरा होईपर्यंत इअरबड दूर ठेवून डॉक्टरांकडे जावें. दर तासानें दहा मिनिटें कान मोकळे करावे. ऐकणें संपल्यावर कानांत घूं घूं असा नाद राहिला, तर त्या दिवशीं आवाज मोठा झाला होता, असें निश्चित समजावें. रस्त्यानें चालतांना आणि विशेषतः वाहन चालवितांना कान बंद करूं नयेत. पाथर्डी रस्त्यावर मागून येणाऱ्या मालमोटारीचा हॉर्न हेडफोनच्या मालकाला ऐकूं आलाच पाहिजे. तेथें उत्तम संगीतापेक्षां तो अधिक मोलाचा आहे.

क्रिस्टल सेटच्या श्रोत्याला नाइलाजानें जें करावें लागे, तें आजच्या श्रोत्यानें समजून-उमजून करावें. ऐकूं येत नाहीं असें वाटलें, तर आवाजाच्या कळेकडे हात जाण्यापूर्वीं तो एकदां कानाकडे जावा, आणि हेडफोन नीट बसला आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.