ठेकेदाराचा माणूस म्हणून हात झटकता येत नाहीत

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नावर आपण या व्यासपीठावरून नेहमी बोलतो. आज ही सीमा ओलांडून कामाला येणाऱ्या माणसांविषयी बोलू. उद्यमबाग, मच्छे भागातील फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये खानापूर तालुक्यातून, पलीकडच्या चंदगडहून माणसे येतात. त्यांतली बरीच ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. आपल्यात कोणी मालक आहेत, कोणी सुपरवायझर, तर कोणाचा मुलगा ठेकेदाराकडे आहे. म्हणजे अपघात झाला की दोन्ही बाजूंना आपणच असतो.

आधी उपचार. भाजले तर वीस मिनिटे वाहते पाणी. हळद, टूथपेस्ट काही लावू नये. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये.

त्यानंतरची चूक मात्र फार महागात पडते. दवाखान्यात "गाडीवरून पडला असे सांगा" असा सल्ला दिला जातो. एकदा केस पेपरवर तसे लिहिले गेले की कामगाराचा हक्क लटकतो आणि मालकही खोट्यात अडकतो. कामावर असताना, किती वाजता, कोणत्या मशीनवर लागले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. अपघात नोंदवहीत त्याच दिवशी लिहून साक्षीदारांची नावे घ्यावीत.

आता हिशेब. राज्य विमा योजना, जिला आपण ईएसआय म्हणतो, ती दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला लागू होते. 2017 पासून पगाराची मर्यादा 21,000 रुपये आहे. कामावरील दुखापतीत तात्पुरत्या अपंगत्वासाठी सुमारे 90 टक्के वेतन मिळते, आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मुख्य मालकाने भरून ती त्याच्याकडून वसूल करायची असते.

ईएसआय नसेल तेथे नुकसानभरपाई. 1923 च्या कायद्यातील हे तत्त्व, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कारखान्याच्या धंद्याचेच काम ठेकेदाराकडून करून घेतले, तर मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. मालकाने ती मग ठेकेदाराकडून घ्यावी. 1923 च्या कायद्याच्या पद्धतीने मृत्यूचे एक उदाहरण पाहू. वय 40, हिशेबाला पगार 15,000. त्याचे निम्मे 7,500, वयाचा गुणक 184.17, रक्कम 13,81,275 रुपये. महिनाभरात दिली नाही तर त्यावर 12 टक्के व्याज, वर दंडही होऊ शकतो.

मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हातात देऊन मिटवता येत नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. पन्नास हजार देऊन कागदावर अंगठा घेतला, तरी हक्क सोडल्याचा तो करार कायद्यात टिकत नाही. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करावा.

आपल्या सीमाभागासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दावा अपघात झाला तेथेच करावा लागतो असे नाही; कामगार किंवा त्याचे वारस राहतात तेथेही करता येतो. चंदगडच्या विधवेला कन्नड कागद घेऊन बेळगावात खेटे घालण्याची गरज नाही. घर ते कारखाना या वाटेवरील अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाला तर, संहितेत धरला जातो.

पाटीचेही तसेच. कारखान्यातील सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावावी, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच होते. भट्टीजवळ मराठी पाटी मागण्यात भाषेचा हट्ट नाही. ती जीव वाचवणारी गोष्ट आहे. मते मागायला येणाऱ्यांना हे विचारायला हवे.

मालक सभासदांना आमची विनंती एवढीच की ठेकेदाराचे बिल पास करताना प्रत्येक माणसाचा ईएसआय क्रमांक आणि भरलेले चलन पाहावे. मंडळाने दर रविवारी दोन जाणकार सभासद अर्ज भरून देण्यासाठी बसवावेत, असा ठराव आम्ही मांडत आहोत. सभेने तो मंजूर करावा.