संचालक मंडळाची निवडणूक : मत कसे द्यावे, कसे मोजावे?
(सहकारी संस्थांच्या सभासदांपुढील भाषण)



भाग कितीही असोत, सभासदास मताचा अधिकार एकच, हे तत्त्व महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ने घालून दिले आहे. परंतु संचालक दहा निवडावयाचे असतील तर? सभासद प्रत्येक जागेसाठी एक, अशा दहा उमेदवारांपुढे खुणा करतो आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

शिरपूर तालुक्याचेच उदाहरण घ्या. दक्षिणेस थाळनेरकडे तापीकाठची काळी जमीन, उत्तरेस बोराडी-पळासनेरकडे सातपुड्याचा पायथा व आदिवासी पाडे. दोहोंकडील गरजा निराळ्या. समजा, तालुकाभर पसरलेल्या एखाद्या संस्थेत 1,000 सभासद आहेत. एका पॅनेलमागे 520, दुसऱ्यामागे 480. प्रचलित पद्धतीने पहिल्या पॅनेलच्या दहाही जागा येतात. 480 सभासदांचा मंडळात एकही माणूस नाही! वार्षिक सभेत गोंधळ का होतो, याचे उत्तर पुष्कळदा या हिशेबात असते.

राखीव जागा आहेत, असे कोणी म्हणेल. त्या आहेत व असाव्यात. महिलांसाठी दोन, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांसाठी प्रत्येकी एक. तथापि त्या जागांसाठीही सर्वच सभासद मतदान करतात. म्हणून पाड्यावरचा उमेदवार निवडून येतो तो बहुमतवाल्या पॅनेलच्या पसंतीचा.

मुंबई प्रांतात 1937 च्या विधानसभा निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघांसाठी संचयी मतदानाची पद्धत होती. मतदार आपली सर्व मते एकाच उमेदवारास देऊ शकत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच निवडणुकीत मुंबईतून विजयी झाले. कंपनी अधिनियम, 2013 चे कलम 163 देखील कंपन्यांना निदान दोन तृतीयांश संचालक प्रमाणशीर पद्धतीने निवडण्याची मुभा देते. वरील उदाहरणात 480 सभासदांनी आपली मते पाचच उमेदवारांत सारखी वाटली, तर पाच जागा निश्चित मिळतात. वाटणी चुकली तर मात्र मते वाया जातात. अशिक्षित मतदारास हा हिशेब जड जाईल, ही शंका अगदीच निराधार नाही.

सहकारी संस्थेला अधिक जवळचा मार्ग गावांचे गट पाडून उपविधीत मतदारसंघ ठरविण्याचा. गटातील सभासदांनी आपला संचालक निवडावा. यातही मेख आहे : सीमा कोण आखतो? म्हणून ती आखणी निवडणूक तोंडावर येण्यापूर्वी, सर्वसाधारण सभेत, गावनिहाय सभासदसंख्या वाचून दाखवूनच व्हावी.