गाय विते तेव्हा

लखनौ शहराला दूध पुरवणाऱ्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ १९३८ साली स्थापन झाला. देशातील अगदी आरंभीच्या दूध संघांत त्याची गणना होते. गावोगावच्या गोठ्यांतून शहराकडे निघणाऱ्या या दुधाचा उगम गाईच्या वेतापाशी आहे, आणि गोठेवाल्याचा जीव टांगणीला लागतो तोही त्याच सुमारास.

रात्री गाय सुखरूप विते, वार पडते, कास तट्ट भरलेली असते. घरची माणसे निश्चिंतपणे झोपी जातात. सकाळी पाहावे तो गाय बसलेली. उठवली तरी उठत नाही. कान गार, नाक कोरडे, रवंथ बंद, मान वळवून कुशीवर टेकलेली. तिसऱ्या वेतापासून पुढच्या, भरघोस दुधाच्या गाईंवर हा प्रसंग अधिक येतो. त्यातही जर्सीवर फार. म्हशीही यातून सुटत नाहीत. या रोगाला दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवे आहे. ज्वर नसतोच, उलट अंग थंड पडते, आणि उपचाराला विलंब झाल्यास जनावर काही तासांत दगावते.

कारण साध्या हिशेबाचे आहे. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी अवघे तीन-एक ग्रॅम कॅल्शियम असते. चिकाच्या एका लिटरमध्ये ते २ ग्रॅमहून अधिक असते. म्हणजे १० लिटर चीक काढला की २० ग्रॅमांवर कॅल्शियम कासेवाटे गेले! ही तूट हाडांनी भरून काढायची. हाडांत त्याचा साठा किलोंनी असतो, परंतु तो मोकळा करणारी यंत्रणा गळ्यातील इवल्याशा ग्रंथींच्या हाती असते आणि तिला पुरती जाग यायला दोन-तीन दिवस लागतात.

हे उमगायला बराच काळ गेला. डेन्मार्कमधील श्मिट नावाच्या पशुवैद्याने १८९७ साली कासेत विष साठते अशा समजुतीने सडांतून औषधी द्राव आत सोडला, आणि गाई उठू लागल्या. पुढे नुसती हवा भरूनही तोच गुण येतो असे दिसले. विष नव्हतेच. कास फुगल्याने दूध उतरणे थांबत होते आणि रक्तातले कॅल्शियम रक्तातच राहत होते. १९२५ च्या सुमारास खरे कारण कळले. तेव्हापासून कॅल्शियमचा द्राव शिरेतून देण्याचा मार्ग मोकळा झाला. तो हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून सावकाश द्यावा लागतो. म्हणून ते काम पशुवैद्याचेच.

मग गाभण गाईला आधीपासूनच कॅल्शियम भरपूर पाजावे, असे कोणालाही वाटेल. हौशी मालक बाटल्या आणतोही. येथेच घात होतो. बोडा आणि कोल या अमेरिकी संशोधकांनी १९५४ साली दाखवून दिले की, विण्यापूर्वी कॅल्शियम बेताचे मिळालेल्या गाई या रोगातून वाचतात. आयते मिळत राहिले की हाडांचा साठा उघडण्याची सवयच सुटते. लखनौच्या भागात हिवाळ्यात बरसीम मुबलक होते. आपल्याकडील लसूणघासाप्रमाणे त्यात कॅल्शियम पुष्कळ, आणि पोटॅशियमही. हे पोटॅशियम त्या ग्रंथींच्या हुकमाला हाडे बधिर करते. म्हणून शेवटचे तीन आठवडे बरसीम आवरते घेऊन भुसा, मका, ज्वारी यांवर भर द्यावा आणि आंबोण हळूहळू वाढवावे. तांबे, जस्त यांसाठी दिले जाणारे क्षारमिश्रण मात्र पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून तोडू नये. रक्ताची आम्लता किंचित वाढवणारे क्षारही या काळात देतात. ते कडवट असल्याने पुष्कळदा गाय आंबोणाला तोंड लावत नाही, आणि उपाशी गाय हे निराळेच संकट.

वासरू जमिनीवर आले की नियम उलटतो. आता कॅल्शियम हवे, बरसीमही हवे. वासराला पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजावा. मात्र हा रोग होऊन गेलेल्या गाईची कास पहिले एक-दोन दिवस पुरती रिकामी करू नये. खरवसाला चीक थोडा कमी पडला तरी चालेल.