जुन्या संगणकाची नोंदवही

पेठेंतल्या एखाद्या लहानशा छापखान्यांत आजहि असा एक संगणक आढळतो कीं, ज्यावर २००१ च्या ऑक्टोबरांत निघालेली विंडोज एक्सपी हीच कार्यप्रणाली चालूं असते. मालकाचें तिच्यावर विशेष प्रेम असतें असें नव्हे. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांचीं पानें पेजमेकरमध्यें, युनिकोडपूर्व काळच्या मराठी फॉण्टांत जुळवून ठेवलेलीं असतात. ते फॉण्ट नसलेल्या नव्या यंत्रावर तींच पानें उघडलीं कीं, अक्षरांच्या जागीं अर्थहीन चिन्हांची गर्दी दिसते. यंत्र सोडवत नाहीं आणि त्याचा मंदपणाहि सोसवत नाहीं. सकाळीं बटन दाबून मालकानें चहा उरकून यावें, तरी पडदा तसाच निळा! अशा वेळीं घरांतला एखादा चलाख मुलगा म्हणतो, "रजिस्ट्रींत चार आंकडे बदलले कीं हा घोड्यासारखा पळेल." त्या म्हणण्यांत तथ्य किती आणि बढाई किती, हें श्रोत्यांनीं अवश्य पाहण्याजोगें आहे.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. पूर्वीं बहुतेक प्रोग्राम आपापल्या सूचना 'आयएनआय' जातीच्या साध्या मजकुराच्या फायलींत ठेवीत. घरांतील प्रत्येकानें आपला हिशेब वेगळ्या कागदावर लिहावा, तसा तो प्रकार होता. १९९५ च्या विंडोजनें हा पसारा बव्हंशीं एका वहींत आणला. एक्सपीमध्यें 'रेजएडिट' उघडलें असतां पांच मुख्य शाखा दिसतात. त्यांपैकीं 'लोकल मशीन' ही सबंध यंत्राची, व 'करंट यूजर' ही त्या वेळीं काम करणाऱ्या माणसाच्या आवडीनिवडीची.

सर्वांत लोकप्रिय बदल 'मेनूशोडिले' या नोंदीचा. 'करंट यूजर'मधील 'कंट्रोल पॅनेल' व त्याखालच्या 'डेस्कटॉप' या कप्प्यांत ती सांपडते. तिचें मूळचें मूल्य ४०० असतें. म्हणजे मेनूवर बाण टेकल्यापासून पोटमेनू उघडेपर्यंत विंडोज मुद्दाम ४०० मिलिसेकंद थांबते. हा विलंब आळसाचा नव्हे. बाण तिरपा नेतांना वाटेंतील प्रत्येक मेनू फडफडून उघडूं नये, म्हणून तो ठेवलेला आहे. तो १०० वर आणला तर हात हलका झाल्यासारखा वाटतो. शून्यावर आणला तर मेनू अंगावर येतात. गंमत अशी कीं, यानें यंत्राचें एकहि काम लवकर होत नाहीं. वाट पाहणें तेवढें कमी होतें. तथापि दिवसभर मेनू उघडीत बसणाऱ्या जुळणीकाराला तेंहि थोडें नव्हे.

दुसरा बदल मात्र जपून करण्याचा आहे. यंत्र बंद करतांना पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांना आवराआवर करण्यास विंडोज २०,००० मिलिसेकंद, म्हणजे वीस सेकंद, मुदत देते. ही मुदत दोन सेकंदांवर आणावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. यंत्र त्यामुळें चटकन मिटतें हें खरें; परंतु त्याच क्षणीं एखादी सेवा ग्राहकांचा हिशेब डिस्कवर लिहीत असेल, तर लेखणी हातांतून हिसकावून घ्यावी तसें होतें. अठरा सेकंद वांचविण्यासाठीं वर्षाची खतावणी पणाला लावणें शहाणपणाचें नाहीं.

फाईल नुसती वाचली तरी तिच्यावर वाचल्याची वेळ लिहावयाची, ही एनटीएफएसची जुनी संवय. ती बंद करणारा बदल निरुपद्रवी आहे, आणि २००७ च्या व्हिस्टानें तर ती आरंभापासूनच बंद ठेवली. कार्यप्रणालीचा गाभा डिस्कवर न जाऊं देतां सदैव स्मृतींत धरून ठेवणारा बदल मात्र, १२८ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर उलटा अंगाशीं येतो. आधींच अपुरी असलेली जागा पेजमेकरच्या वांट्याला आणखी कमी येते.

यापलीकडे निव्वळ दंतकथा आहेत. विंडोज २० टक्के इंटरनेट स्वतःसाठीं राखून ठेवते, ही त्यांतली सर्वांत चिवट. कोणी प्रोग्रामनें तशी मागणी केल्यावांचून तो वांटा राखला जातच नाहीं. 'प्रीफेच'चा कप्पा रोज रिकामा करावा, हीहि तसलीच; त्या कप्प्यांतील टिपणांमुळेंच प्रोग्राम लवकर उघडतात, आणि जुनीं टिपणें विंडोज स्वतःच काढून टाकते. रजिस्ट्री 'साफ' करण्याचीं जीं साधनें विकलीं जातात, त्यांचेंहि फळ तसेंच. नोंद शोधतांना विंडोज सारी वही चाळीत नाहीं, फांदीवरून फांदीवर थेट उतरते. चारदोनशें निरुपयोगी नोंदी खुडल्यानें तिचा वेळ वांचत नाहीं, पण एखादी उपयोगी नोंद गेली तर छपाईयंत्राचा ड्रायव्हर मात्र हरवतो.

वस्तुतः सकाळच्या विलंबाचें मूळ बहुधा 'रन' नांवाच्या एका साध्या कप्प्यांत असतें. संगणक सुरू होतांच आपणहि सुरू व्हावें, असें ज्या ज्या प्रोग्रामला वाटतें तो तेथें आपलें नांव लिहून ठेवतो. कधीं काळीं फेकून दिलेल्या स्कॅनरचा मदतनीसहि तेथें हजर असतो! तीं नांवें 'एमएसकॉन्फिग'मधून एकेक तपासून बंद करणें, हें त्या चार आंकड्यांहून अधिक गुणकारी; आणि स्मृति २५६ मेगाबाइटवरून एक गिगाबाइट केली, तर तिच्यापुढें हे सारे बदल फिके पडतात.

तरीहि वही उघडावयाचीच असेल, तर प्रथम ती शाखा 'एक्सपोर्ट' करून बाहेर ठेवावी व सिस्टिम रिस्टोअरची खूण करावी. 'रेजएडिट'मध्यें केलेली चूक मागें घेण्याची सोय नाहीं, 'राखूं का?' असें तें विचारीतहि नाहीं, लिहिलें तें तत्काळ लागू. यंत्र पुढें उठेनासें झालें, तर सुरुवातीसच एफ८ कळ दाबून शेवटची चांगली ठरलेली मांडणी मागवितां येते. पण ती यंत्राच्या व सेवांच्या मांडणीपुरती, सबंध वहीची नव्हे.

एका गोष्टीला मात्र कोणताहि आंकडा पुरा पडत नाहीं. ८ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें एक्सपीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्रायचा उपद्रव जगभर पसरला, तेव्हां अपवाद म्हणून तिच्यासाठीं एक दुरुस्ती निघाली. तेव्हां छापखान्यांतल्या त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढून ठेवावी, आणि त्याची डिस्क थकण्यापूर्वीं जुन्या पानांच्या पीडीएफ प्रती व मूळ फॉण्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे.