आईबाबांचा मे महिना

(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’ हा विषय सुचवला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून ते साहजिकच होतं. पण सकाळपासून चहाच्या टेबलाभोवती आपण काय बोलतोय ते मी ऐकते आहे. मुलांच्या प्रवेशाचं बोलणं पाच मिनिटांत संपतं आणि मग सगळे एकाच प्रश्नावर येतात. “आई कुठे असते आता? तुझ्याकडे की इथेच?” “बाबांची तब्येत कशी आहे?” तीस वर्षांपूर्वी आपण एकमेकांना गणितात किती पडले ते विचारायचो. आता आईवडिलांची शुगर किती ते विचारतो. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता राहू दे, मी आमच्या आईबाबांच्या यंदाच्या मे महिन्याबद्दल बोलणार आहे. बाई आणि सर, आपण या विषयातले जाणकार आहात. माझं चुकलं तर कान धरा.

तुमच्यातले बरेच जण आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी येऊन गेलेले आहेत. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आज बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, आई बाहत्तरची. मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला. फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मग आम्हा भावंडांचे रोज रात्री फोन सुरू झाले. दोघांनी इथे एकटं राहायचं का? माझ्याकडे यायचं की भावाकडे? सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे? बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “मे महिना होऊ दे. सगळे इकडे या. मग ठरवू.”

त्यांनी जुन्या डायरीत मे महिना आखला होता. कोण कधी येणार, कुठे झोपणार, कोणत्या दिवशी कुठे जायचं. आमच्या धंद्यात या कामासाठी वेगळी माणसं नेमतात. एका वेळी घरात जास्तीत जास्त चौदा माणसं, न्हाणीघरं दोन, गाद्या नऊ. कोरेगावची आत्या ऐंशीची, तिला जिना नको. कऱ्हाडच्या चुलत बहिणीची मुलं लहान, त्यांना अंगण हवं. डायरीच्या पहिल्या पानावर नियम लिहिले होते. लागोपाठ दोन दिवस बाहेर जायचं नाही. सकाळी सहाला निघायचं आणि अकराच्या आत घरी. चाळीस किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. आणि चौथा नियम असा, की चालायचा वेग आईचा.

पहिली सहल संगम माहुलीची. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात हे आपण भूगोलात लिहिलं आहे. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, हे इतिहासात. माझ्या मुलीला या दोन्हींपेक्षा शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी जास्त आवडली. आईने घाटावर बसून तिला रामशास्त्र्यांची गोष्ट सांगितली, तिच्या तिसरीच्या वर्गात सांगायची तशीच, आवाज बदलून. शेजारी कपडे धूत असलेल्या दोन बायका हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

दुसरी लिंबची बारा मोटेची विहीर. आपण साताऱ्याची मुलं, पण आपल्यातल्या किती जणांनी ती आत उतरून पाहिली आहे? अष्टकोनी बांधकाम, दगडी जिना, आणि विहिरीच्या पोटातच छोटासा महाल. अठराव्या शतकातलं काम. तिथे बाबा पुन्हा ओव्हरसियर झाले. मोट म्हणजे काय इथपासून त्यांनी सुरुवात केली. बैल धावेवरून उताराने खाली जातात, नाडा ओढला जातो आणि पाण्याने भरलेली मोट वर येते. म्हणजे बैलाचं वजनही कामाला लागतं. माझी मुलगी म्हणाली, “आजोबा, मग बैलाला परत वर चढताना त्रास होत नाही का?” बाबा म्हणाले, “तेव्हा मोट रिकामी असते ना.” मी अभियांत्रिकीची पदवीधर, पण हा प्रश्न मला सुचला नसता आणि उत्तर इतकं चटकन देता आलं नसतं.

तिसरी वाई आणि मेणवलीची. ही एसटीने करायची असा बाबांचा हट्ट. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे बाबांचं शून्य रुपयाचं तिकीट, आईचं आणि माझं अर्धं, मुलीचंही अर्धं. पूर्ण भाडं भरावं लागलं ते फक्त माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला. “घरात मी एकटाच काही कमवत नाही आणि मलाच फुल तिकीट!” असं तो वाईपर्यंत म्हणत होता. ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर गेलो. तिथल्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीजांची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची ती खूण. भाच्याने घाट लगेच ओळखला, ‘स्वदेस’ सिनेमामुळे.

चौथी सज्जनगडाची. गाडी बरीच वर जाते, पण पुढच्या पायऱ्या चुकत नाहीत. इथे चौथ्या नियमाचा कस लागला. वीस पायऱ्या चढायच्या आणि बसायचं, पुन्हा वीस चढायच्या. एरवी मी दहा मिनिटांत वर गेले असते. त्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आईने मला तिच्या पहिल्या नोकरीची, परळी खोऱ्यातल्या शाळेची हकीकत सांगितली. पावसाळ्यात ओढा ओलांडून ती शाळेत कशी जायची ते सांगितलं. पंचेचाळीस वर्षं मी तिची मुलगी आहे आणि हे मला माहीत नव्हतं. वर गेल्यावर बाबांनी उरमोडी धरणाचं पाणी दाखवलं आणि नातवंडांना धरणावर एक पूर्ण तास घेतला.

सहली एवढ्याच. बाकीचे दिवस घरातच गेले. सकाळी गच्चीवर कुरडया, दुपारी आमरस, रात्री पत्ते. १३ मेला दहावीचे निकाल लागले. राज्य मंडळाचा आणि सीबीएसईचा, दोन्ही एकाच दिवशी. घरात दोन परीक्षार्थी होते, एक भाचा आणि एक कऱ्हाडची मुलगी. दोघांच्या गुणांत बरंच अंतर होतं. बाबांनी आदल्या दिवशीच कंदी पेढे आणून ठेवले होते. निकाल लागायच्या आधीच दोघांच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं, “पेढा परीक्षा दिल्याचा आहे.” टक्के कोणी मोठ्याने विचारले नाहीत. आपल्या वेळी निकालाच्या दिवशी आपल्या घरांत काय काय झालं होतं ते आठवा, म्हणजे या पेढ्याची किंमत कळेल.

पाचवी सहल ठोसेघरची होती, ती झालीच नाही. यंदा मे संपायच्या आतच पावसाने गाठलं, हे तुम्ही अनुभवलं आहे. तीन दिवस घरात कोंडून बसलो, त्यात वीज गेलेली. भाऊ आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, आपण नसतो तर या दोघांचं काय झालं असतं? पण काय होतं तेही त्याच तीन दिवसांत दिसलं. रिक्षावाले काका न सांगता बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आले. समोरच्या वहिनींनी सकाळी खिडकीतून हाक मारली, आईने “आहे गं” म्हणून उत्तर दिलं. अशी हाक त्या रोज मारतात हे आम्हाला तेव्हा कळलं. आईची एक जुनी विद्यार्थिनी मेणबत्त्या देऊन गेली, ती स्वतः आता आजी झाली आहे.

महिनाअखेरीला बैठक बसली. भावाने आपली बाजू नीट मांडली. मोठं रुग्णालय जवळ, लिफ्ट, रात्रीबेरात्री हाकेला माणूस. यातलं काहीच खोटं नव्हतं. पुण्याहून साताऱ्याला यायला मला तीन तास लागतात, आणि रात्री दोन वाजता ते तीन तास फार मोठे असतात. आई सगळं ऐकून म्हणाली, “पाहुणी म्हणून मी तुमच्याकडे कितीही दिवस राहीन. पण पाहुण्यांना बोलवायला मला माझं घर पाहिजे.”

मित्रांनो, आज मला सांगायचं आहे ते या एका वाक्यात आहे. आपण आईवडिलांची सोय बघतो, सुरक्षितता बघतो, आणि ते बघायलाच हवं. पण त्या महिनाभर ते दोघं आमचे यजमान होते. घराचे यजमान आणि सगळ्या गावाचेही. विहीर त्यांनी दाखवली, धरण त्यांनी दाखवलं, कोणी कुठे झोपायचं ते त्यांनी ठरवलं. कोणत्याही सोयीच्या बदल्यात हे यजमानपण त्यांच्याकडून काढून घ्यायचं असेल, तर फार विचार करून घ्यावं.

हे प्रत्येक घराला लागू पडेल असं मी म्हणत नाही. ज्यांच्या आईवडिलांना विस्मरणाचा आजार आहे, ज्यांच्या घरी एकच जण मागे उरलं आहे, त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो आणि तोही बरोबरच असतो. ज्यांनी त्यांना आपल्याकडे नेलं आहे, त्यांनीही एवढं करावं. महिन्यातला एखादा दिवस पाहुणे कोण आणि जेवायला काय, हे त्यांना ठरवू द्यावं.

आमचं काय ठरलं तेही सांगते. न्हाणीघरात न घसरणाऱ्या फरश्या आणि धरायला दांड्या बसवल्या. घराची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवली. भाऊ दर तीन महिन्यांनी आठवडाभर येतो. आणि मी दर महिन्याचा दुसरा आठवडा साताऱ्यातून काम करते. लॅपटॉप जिथे, तिथे ऑफिस. त्याच आठवड्यात मंडईत आपल्या भूमितीच्या सरांची भेट झाली आणि या मेळाव्याची बातमी मला त्यांच्याकडून कळली.

शेवटी एक प्रस्ताव आहे. आपल्यातले अकरा जण अजून साताऱ्यात राहतात आणि समोर बसलेल्या गुरुजनांपैकी बहुतेक इथेच आहेत. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी इथे असेन. सकाळी सात वाजता पोवई नाक्यावरून दोन गाड्या निघतील, लिंबची विहीर पाहून अकराच्या आत परत. वेग सगळ्यांत वयस्कर बाईंचा. आणि नंतरचं जेवण आमच्या घरी. आईने सांगून ठेवलं आहे, आमंत्रण तिच्या नावाने द्यायचं. तसं ते देते आहे. नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नोंदवा.