समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळं कसं होतं?

पाण्यातली वाळू गाळून काढता येते. पण विरघळलेलं मीठ फडक्यातून पाण्याबरोबर सरळ खाली जातं. तिथं बाष्पीभवनच कामी येतं. उरणच्या, शिरोड्याच्या मिठागरांत हेच चालतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात खाण्याचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, २७ ग्रॅमच्या आसपास. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात. ते जवळपास एक पंचमांश उरलं की आधी जिप्सम नावाचा क्षार तळाशी बसू लागतो. वरचं पाणी पुढच्या वाफ्यात घेतात. एक दशांश उरलं की मिठाचे चौकोनी खडे धरू लागतात.

मात्र सगळं पाणी आटू द्यायचं नसतं! शेवटी उरतात मॅग्नेशियमचे कडू क्षार. ते पाणी काढून टाकतात. हे क्षार मिठात राहिले, तर पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं.

प्रत्येक क्षाराची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळण्याची क्षमता, वेगळी, म्हणून हे साधतं. याला स्फटिकीभवन म्हणतात. मीठ नको, पाणीच हवं असेल, तर वाफ थंड करून गोळा करायची; ते झालं ऊर्ध्वपातन.