जयपूर ते पुष्कर, सामानासकट

थंडी पडू लागली की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांना राजस्थान खुणावू लागतो. सायकल रेल्वेने जयपूरला न्यायची आणि अजमेरमार्गे पुष्कर गाठायचं, हा त्यातला सोपा बेत. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, अजमेरपर्यंत रस्ता बहुतेक सपाट. मग आपण म्हणतो, घेऊ की आणखी एक जॅकेट, आणखी एक पातेलं!

घ्या, पण आधी मागचं चाक पाहा. दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आरे असत आणि मागे ४०. स्वाराचा भार मुळातच मागच्या चाकावर जास्त, त्यात कॅनही मागेच लटकायचे. आजच्या हलक्याफुलक्या सायकलींना मागे २८, कधी २४च आरे असतात. त्यावर २५ किलो लादले की आरा तुटणार, आणि तोही बहुधा गिअरच्या चकत्यांकडचा. तो बदलायला चकत्या उतरवाव्या लागतात, त्याचा खास पान्हा वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे कुठला असायला? लांबच्या सफरीला मागे ३६ आऱ्यांचं चाक बसवा आणि निघण्यापूर्वी रिमचा आउट काढून घ्या.

सामान कॅरिअरवर उंच रचलं की सायकल डुलते. पिशव्या दोन्ही बाजूंना, आसाजवळ, खाली लटकवा. जड वस्तू तळाशी, फ्रेमच्या बाजूला. थोडा भार पुढच्या चिमट्यालाही द्या, म्हणजे चढावर हँडल हलकं पडत नाही. टाच पिशवीला घासते का, ते घरीच पायडल मारून बघा. पाठीवर सॅक मात्र अजिबात नको. संध्याकाळपर्यंत मान आणि बूड दोन्ही बोलू लागतात.

राजस्थानात खरं ओझं पाण्याचं. एक लिटर म्हणजे एक किलो. हमरस्त्याला ढाबे भेटतात, तिथे दोन बाटल्यांवर भागतं. पण वाट वाकडी करून सांभर सरोवराकडे वळणार असाल, तर चार-पाच लिटर जवळ हवं. तेवढ्यासाठी जीन्सची दुसरी पँट घरी राहिली तर काही बिघडत नाही.

अजमेर सोडलं की नाग पहाडाचा घाट लागतो. चढाला भिडण्याआधीच गिअर उतरवा. उतारावर भरलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते. ब्रेक सतत आवळून धरलात तर रिम तापते. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि विश्रांतीला थांबलात की सायकल रस्त्याकडेच्या झुडपांत लोटू नका. विलायती बाभळीचा काटा टायर सहज भेदतो.

नव्या कॅरिअरचे स्क्रू पहिल्याच दिवशी ढिले होतात. जयपूरहून तीसेक किलोमीटरवर, छापील कापडाचं बगरू येतं. चहाला तिथे थांबाल, तेव्हा चहा येईपर्यंत सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या.